टीव्ही कुणी लावायचा?

आपल्याकडे टेलिव्हिजनचा इतिहास म्हटलं की पडद्यावर काय दिसलं याचाच हिशेब मांडला जातो. ‘हम लोग’ १९८४ला आलं, ‘रामायण’च्या वेळी रस्ते ओस पडत, ‘महाभारत’चे संवाद राही मासूम रज़ांनी लिहिले. हे सगळं लिहून, वाचून झालंय. पडद्याशेजारच्या बटणांचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. तो लिहायला हवा असं मला वाटतं, कारण त्यातून एक वेगळाच प्रश्न समोर येतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दुपारी, घरात कुणी नसताना, स्वतःच्या हाताने टीव्ही लावता येतो का? पन्नास वर्षांपूर्वी येत होता. आज अनेक घरांत येत नाही. मधल्या काळात माणसं मठ्ठ झालेली नाहीत, म्हणजे दुसरं काहीतरी झालंय.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. आपल्या मुंबईला त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२पर्यंत थांबावं लागलं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. तेव्हाचा टीव्ही म्हणजे लाकडी खोकं, पुढे सरकत्या फळ्यांचं शटर आणि त्याला कुलूप. लायसन्स पोस्टातून काढायचं. चॅनेल एकच, त्यामुळे चॅनेल बदलायचा प्रश्नच नव्हता. दोन बटणं महत्त्वाची. एक चालू करून आवाज वाढवायचं, दुसरं कटकट आवाज करत फिरणारं. ते दुसरं एकदा जागेवर बसलं की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नसे.

अडचण असायची ती छपरावर. वारा सुटला, कावळा बसला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक जण छपरावर, एक जण खिडकीत आणि एक टीव्हीसमोर. “आलं का?” “नाही, अजून थोडं फिरव!” “आलं होतं, गेलं!” हा संवाद ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बिघाड कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मुंग्या म्हणजे अँटेना, काळोख म्हणजे लाइट गेली. कधी टीव्ही न शिवलेल्या दादीलाही हे निदान करता यायचं.

या काळातली एक मोठी गोष्ट आपण मराठी लोक सहसा विसरतो, कदाचित त्यात महाराष्ट्रातलं एकही गाव नव्हतं म्हणून असेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारताला वापरू दिला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. सोलापूरच्या पलीकडचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यात होते. या प्रयोगामागची कल्पना विक्रम साराभाईंची. ते १९७१मध्येच गेले, त्यामुळे तो त्यांना बघता आला नाही. कार्यक्रमाचं व्यवस्थापन मात्र एका मराठी माणसाकडे होतं, डॉ. एकनाथ चिटणीस यांच्याकडे.

आज आपण ज्याला छत्री म्हणतो ती या गावांनी तेव्हाच पाहिली. सुमारे दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवले. बरेचसे संच शाळांमध्ये बसले. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. त्याच वर्षात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण याच माध्यमातून दिलं गेलं. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे हा आकडा वाचून प्रत्येक वेळी थबकते. आज एका तालुक्याचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतानाही कुणाचा आवाज येत नाही, कुणाचा पडदा दिसत नाही!

‘साइट’मधली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे. उपग्रह, जाळी, सिग्नल बदलणारी पेटी, संच ही साखळी त्या काळातली सर्वांत गुंतागुंतीची होती. पण ती आखणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चाललं होतं की हा संच चालवणारा इंजिनियर नसेल. गावातला एक माणूस संचाची राखण करणार, ठरल्या वेळी तो चालू करणार, बंद करणार. बाकी सगळी गुंतागुंत त्याच्या नजरेआड ठेवायची. साखळी लांबलचक होती, पण तिची जबाबदारी एका ठिकाणी होती. पुढे जे हरवलं ते हेच.

१९८२च्या एशियाडबरोबर रंग आले. १९८४च्या उत्तरार्धात तर देशात जवळपास दिवसाला एक या वेगाने छोटे ट्रान्समीटर उभे राहिले. कोकणातल्या आमच्या मुस्लिम गावांत टीव्हीची एक वेगळीच वाट होती, ती आखातातून येणारी. दुबई, कुवेतहून सुट्टीवर आलेला माणूस खोक्यातून सोनी किंवा नॅशनलचा रंगीत संच आणायचा, सोबत व्हीसीआर. तिकडची आणि आपली रंगीत पद्धत बहुतांशी एकच, ‘पाल’. त्यामुळे तो संच इथे चालायचा. सौदीत ‘सेकाम’ पद्धत होती म्हणून शहाणी माणसं ‘मल्टिसिस्टिम’ संच विचारून घ्यायची. त्या वेळी टीव्ही घरात असावा की नसावा यावर मोहल्ल्यात वादही व्हायचे. मशिदीतून आलेले बुजुर्ग तोंड फिरवून जायचे आणि रविवारी सकाळी त्यांचीच नातवंडं शेजारच्या ओट्यावर असायची.

त्या संचांबरोबर दोन नव्या गोष्टी घरात आल्या. पहिली, व्हीसीआर. आता टीव्हीला दोन ठिकाणांहून चित्र मिळू लागलं आणि ‘कुठल्या नंबरला काय’ हे कुणीतरी लक्षात ठेवायची गरज पडली. दुसरी, रिमोट.

रिमोटची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगते. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५०मध्ये पहिला रिमोट काढला तो वायरीचा होता. नावच होतं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी. वायरीत लोकांचे पाय अडकू लागले. १९५५मध्ये युजीन पॉली यांनी विजेरीसारखा प्रकाशाचा झोत टाकणारा रिमोट केला, पण खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं. १९५६मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्ही ऐकायचा. बॅटरी का नको? विक्री विभागाचं म्हणणं होतं की बॅटरी संपली तर गिऱ्हाईक समजेल टीव्हीच बिघडला. आणि बटणं किती? चार. चालू-बंद, चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आवाज बंद. आज तुमच्या डब्याच्या रिमोटवर किती बटणं आहेत ती मोजून बघा. माझ्या हिशेबाने त्यातल्या सातांना महिनाभरात बोट लागतं.

रिमोट आला आणि टीव्हीवरची सत्ता एका हातात आली. डेव्हिड मॉर्ली यांचं दक्षिण लंडनमधल्या १८ कुटुंबांवरचं पुस्तक १९८६मध्ये आलं. रिमोट बहुतेक वेळा वडिलांच्या खुर्चीशी असतो असं त्यांना दिसलं. हे शोधायला लंडनला जायची काही गरज नव्हती! आपल्याकडे तो अब्बांच्या उशाजवळ असायचा. तरीही अब्बा बाहेर गेले की अम्मी टीव्ही लावू शकायची, कारण रिमोट नसला तरी संचावर बटणं होती.

१९९१ला उपग्रहावरून स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ला झी. गल्लीगल्लीत केबलवाले उभे राहिले. या काळाला आपण गोंधळाचा काळ म्हणतो. झाडांवरून, विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या वायरी, बिलाचा पत्ता नाही, पाऊस आला की चित्र गायब. पण बघणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो सगळ्यात सोपा काळ होता असं माझं मत आहे. केबलवाल्याची वायर थेट टीव्हीच्या पाठीत जायची. सगळी चॅनेल्स त्या एका वायरीत उघडी असायची आणि ती निवडायचं काम टीव्हीच्या पोटातला ट्यूनर करायचा. एक संच, एक स्विच, एक आवाज, एक रिमोट. माझ्या आजीला अक्षरओळख फक्त उर्दूची होती. १२ नंबरला बातम्या, २१ला मालिका हे तिला पाठ होतं. तेवढं तिला पुरत होतं.

मग हे मोडलं का? कारण पैशाचं होतं. एका वायरीवर किती घरं आहेत हे फक्त केबलवाल्याला माहीत. तो पाचशे घरांकडून पैसे घ्यायचा आणि वर शंभर दाखवायचा, असा वाहिन्यांचा आरोप होता, आणि तो निराधार नव्हता. वाहिन्यांना आपला वाटा हवा होता, सरकारला कर. मोजायचं कसं? चॅनेल्सना कुलूप लावायचं आणि किल्ली एका डब्यात घालून प्रत्येक घरात तो डबा बसवायचा. यालाच ‘कॅस’ म्हणत. २००३मध्ये चेन्नईत तो सुरू झाला, मुंबई-दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत २००६च्या अखेरीस. २०११मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि डिजिटायझेशन सक्तीचं झालं. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे, नागपूर, नाशिकची ३१ मार्च २०१३, आणि शेवटी २०१७पर्यंत उरलेला सगळा देश. दरम्यान २००३पासून खाजगी डीटीएच कंपन्या आल्या होत्याच. त्यांचा डबा तर पहिल्यापासून होता.

चित्र स्वच्छ झालं हे खरं, चॅनेल्स वाढली हेही खरं. पण त्या डब्याबरोबर ट्यूनर टीव्हीच्या बाहेर पडला. टीव्ही नुसता पडदा उरला. आता दोन यंत्रं झाली, दोन स्विच, दोन रिमोट आणि, ज्याचा त्रास सर्वांत जास्त होतो, दोन आवाज. डब्याचा आवाज कमी असेल तर टीव्हीचा कितीही वाढवा, कुजबुजच ऐकू येते. टीव्हीच्या रिमोटवरचं ‘चॅनेल पुढे’ बटण दाबलं तर डब्याचं चॅनेल बदलत नाही. उलट काही संचांत टीव्ही स्वतःच्या रिकाम्या ट्यूनरकडे वळतो आणि निळा पडदा येतो, ‘नो सिग्नल’. ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ नावाचं बटण चुकून दाबलं गेलं तरी तेच. पूर्वी मुंग्या दिसल्या की माणूस छपराकडे बघायचा. निळ्या पडद्याकडे बघून म्हाताऱ्या माणसाने कुठे बघायचं? छत्री, डबा, वायर, रिचार्ज, की चुकीचं बटण? पाच शक्यता आणि पडद्यावर एकच वाक्य, तेही इंग्रजीत.

यात कुणाची जबाबदारी आहे असं विचारलंत तर उत्तर मिळत नाही. टीव्ही कंपनी म्हणते डब्यात दोष, डबेवाला म्हणतो टीव्हीच्या सेटिंगमध्ये. आमच्या एका नातलगांच्या घरी मेकॅनिक आला, पडदा चालू करून पैसे घेऊन गेला आणि काय केलं ते कुणाला सांगितलं नाही. आठवड्याने पुन्हा निळा पडदा, पुन्हा मेकॅनिक. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही हा आणखी एक फास. डबे परस्परांना चालावेत ही अट २००१च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांत होती, ‘ट्राय’ने २०२०मध्ये पुन्हा तशी शिफारस केली. लोकांच्या घरात त्याचा मागमूस नाही.

त्यानंतर तिसरा थर आला. स्मार्ट टीव्ही किंवा त्याला मागून लावलेली काडी, वायफाय, पासवर्ड. रमज़ानमध्ये मक्केची तरावीह थेट बघायची असेल तर आता डब्यातून बाहेर पडून यूट्यूबमध्ये शिरायचं आणि परत बातम्यांसाठी डब्यात यायचं. हा प्रवास नातवाला दोन सेकंदांचा. दादीसाठी तो नातू शाळेतून परत येईपर्यंतचा.

माझी अम्मी गावी एकटी असते. टीव्हीवर तिचं फार काही नसतं. सह्याद्रीच्या बातम्या, डीडी उर्दूवर मुशायरा लागला तर तो, आणि एक मालिका जी ती बघत नाही असं ती सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस बसून तिच्या टीव्हीची मांडणी मी नव्याने केली. त्यात फारसं तंत्रज्ञान नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आधी ठरवलं की रिमोट एकच राहील, डब्याचा. बहुतेक डब्यांच्या रिमोटवर चार-पाच बटणांचा एक वेगळा कोपरा असतो, त्यावर ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. ती बटणं शिकणारी असतात. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, डब्याच्या रिमोटचं ‘सेट’ बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबायचं, मग जे बटण शिकवायचं ते, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण. दिवा लुकलुकला की धडा पाठ झाला. कंपनीगणिक यात थोडा फरक असतो. टीव्हीचं चालू-बंद आणि आवाजाची दोन बटणं, एवढं शिकवलं की पुरे. इन्फ्रारेड रिमोटची प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असते, म्हणून हे शिकवणं लागतं. बोली शिकवल्याशिवाय समजत नाही, हे द्विभाषिक वर्ग घेणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

मग दोन आवाजांचं भांडण मिटवलं. डब्याचा आवाज जवळपास पूर्ण वर नेऊन तिथेच सोडला, कमी-जास्त करायचा तो फक्त टीव्हीचा. टीव्हीच्या मेन्यूत ‘चालू झाल्यावर कुठलं इनपुट’ अशी सोय असेल तर ती डब्याच्या एचडीएमआयवर कायम करायची. अम्मीच्या संचात ती निघाली. एचडीएमआयच्या तारेतून एक यंत्र दुसऱ्याला उठवू शकतं, ‘सीईसी’ म्हणतात त्याला. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ॲनीनेट, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ही सोय बऱ्याचदा बंद ठेवलेली असते, सगळ्या डब्यांना ती असतेही असं नाही. असेल तर टीव्ही आणि डबा एकाच बटणाने जागे होतात. नसेल तर दोघांची पिनं एका एक्स्टेन्शन बोर्डवर घालून त्याचा एकच स्विच वापरायचा. बरेच डबे वीज आली की आपोआप सुरू होतात, मिनिटभर थांबावं लागतं एवढंच. अम्मीला मिनिटभर थांबण्याचं काहीच नाही. अँटेना फिरवायला तासभर थांबलेली पिढी आहे ती.

टीव्हीचा रिमोट बॅटऱ्या काढून कपाटात ठेवला. डब्याच्या रिमोटवरच्या नको त्या बटणांवर काळी चिकटपट्टी लावली. ‘फेव्हरिट’च्या यादीत आठ चॅनेल्स घातली, त्यांचे नंबर पुठ्ठ्यावर जाड पेनाने उर्दूत लिहिले आणि पुठ्ठा टीव्हीखाली टांगला. खाली रिचार्जची तारीख, कारण निळ्या पडद्याचं निम्मं गूढ तिथेच असतं. २०१९पासून चॅनेल्स आपली आपण निवडायची सोय आहे. त्यामुळे यादी छोटी केल्यावर बिलही कमी झालं.

माझ्या भावाचं म्हणणं होतं की एवढा खटाटोप कशाला, अम्मीला नवा मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन देऊ. नवा घ्यायचाच झाला तर मी एकच गोष्ट बघेन, आणि वाचकांनीही दुकानात ती विचारावी. टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आहे का? खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ असं लिहिलेलं असतं. असा ट्यूनर असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्रीची वायर थेट टीव्हीच्या पाठीत जाते. कुलूप नसलेल्या चॅनेल्सना डबा लागत नाही, रिचार्ज लागत नाही, रिमोट एकच. फ्री डिश डिसेंबर २००४पासून आहे, सुरुवातीचं नाव ‘डीडी डायरेक्ट प्लस’. भारतीय मानक ब्यूरोने अशा ट्यूनरवाल्या टीव्हीसाठी २०२२मध्ये वेगळं मानकही काढलंय, आयएस १८११२. पैसे मोजायची खाजगी चॅनेल्स हवी असतील तर डबा आलाच. पण सह्याद्री आणि डीडी उर्दूवर ज्याचं भागतं त्याला तो लागत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी दोन दुकानांत मी हे विचारलं. एकाने डबा विकायला काढला. दुसऱ्याने संच उलटा करून पाठीमागची भोकं मोजली आणि म्हणाला, “मॅडम, हे गोल भोक कशाला असतं ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”